350 च्या बुलेटमध्ये 500 चं इंजिन, फ्रेमला ग्राइंडर न लावता

नमस्कार राजेहो! मागे उभी आहे ती आमच्या बाबांची बुलेट, जुनी कास्ट आयर्न, म्हणजे लोखंडी सिलिंडरची, 350 सीसी. हिच्यात मी 500 चं इंजिन बसवलं, आणि तेव्हापासून जो भेटतो तो एकच विचारतो, फ्रेम कुठं कापली? कुठंच नाही. तुमच्या गाडीजवळ कोणी ग्राइंडर घेऊन आला, तर गाडी तिथून उचला अन् सरळ घरी आणा.

कापायची गरजच नाही. 350 चा बोर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, 70 मिलिमीटर, 500 चा 84. स्ट्रोक मात्र दोन्हीचा 90. पिस्टन रुंद झाला, पण त्याची चाल तेवढीच राहिली. फ्रेमही दोघींची तीच. इंजिन पुढच्या आणि मागच्या प्लेटांच्या मध्ये बसतं, खालून फ्रेमचा पाइप जात नाही. म्हणजे इंजिन स्वतःच फ्रेमचा एक भाग असतं. हे डोक्यात पक्कं ठेवा, पुढे कामी येईल.

दोन गोष्टी आधीच सांगतो. 350 च्या क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीवर, नुसता 500 चा सिलिंडर चढत नाही, तोंड लहान पडतं. पूर्ण इंजिनच घ्या, तेही बिल आणि नंबर तपासून. दुसरं, 2009 नंतरच्या क्लासिक 500 चे आकडेही 84 आणि 90 च आहेत. ते पाहून फसू नका. त्यात गिअरबॉक्स इंजिनच्याच आवरणात आहे, आपल्या जुन्या गाडीत वेगळा असतो. ते इथं बसणार नाही.

आता काम कुठून सुरू करायचं? पुढच्या ब्रेकपासून. इंजिन अजून बारदान्यावरच राहू द्या. 350 ची ताकद 18 हॉर्सपॉवर, 500 ची 22. पांदण रस्त्यावर समोर अचानक बैलगाडी आली, तर जुना ब्रेक पुरत नाही. मी 500 चं सात इंची ट्विन लीडिंग शूचं, म्हणजे दोन्ही ब्रेक शू जोरानं धरणारं, ड्रम आधी बसवलं, रिकाम्या वावरात तपासलं, मगच इंजिनला हात लावला.

(कॅमेरा जवळ, पुढच्या प्लेटवर)

हे नीट बघा. इंजिनच फ्रेमचा भाग आहे म्हणालो ना, ते इथं कामी येतं. सगळे स्टड, म्हणजे आरपार जाणारे बोल्ट, आधी हातानं घालायचे, पाना लावायचा नाही. बोटानं ढकलल्यावर स्टड आरपार गेला पाहिजे. अडला, तर इंजिन कुठंतरी तिरपं आहे. प्लेट आणि इंजिनचा कान, म्हणजे बोल्टचं भोक असलेला भाग, यांच्यामध्ये फट दिसली, तर तेवढ्या जाडीचं वॉशर घाला. मी पहिल्यांदा फट तशीच ठेवून नट ओढला. प्लेट वाकून बसली, आणि काही दिवसांत क्रँककेसच्या कानाला केसासारखी चीर गेली. ॲल्युमिनियम आहे ते, ताण सहन करत नाही. आमच्या गावचे म्हातारे मिस्त्री म्हणाले, "पोरा, ओढून बसवलं ते बसलं नाई, फसलं." वेल्डिंगला माझा आख्खा आठवडा गेला.

पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बोरेटरही बदला. 350 ला 24 मिलिमीटरचा मिककार्ब कार्बोरेटर असतो, 500 ला 28 चा. जुनाच ठेवला तर इंजिनाची भूक भागत नाही, आणि जेटचं, म्हणजे पेट्रोल येण्याच्या भोकाचं, माप चुकून मिश्रणात पेट्रोल कमी पडलं तर इंजिन तापतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, वर हे हवेवर थंड होणारं लोखंडी सिलिंडर. त्यात पावसाळ्यातली काळी माती फिन्समध्ये, म्हणजे सिलिंडर थंड ठेवणाऱ्या पात्यांमध्ये, घट्ट बसलेली असते. ती वाळली की सिमेंटच. लाकडी काडीनं एकेक फिन मोकळी करा, लोखंडी सळई घालू नका.

आता कागद. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की आरसीवरच्या नोंदीपेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. मोडलं तर कलम 182 अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. अपघातात विमाही अडकतो. म्हणून ही गाडी मी घरच्या वावरात, धुऱ्याधुऱ्यानंच चालवतो. बाबांचं मूळ इंजिन तेल घालून धान्याच्या खोलीत गुंडाळून ठेवलंय. डांबरी रस्त्यावर जायची वेळ आली की तेच परत चढेल, कारण फ्रेम कापलेली नाही.

सुरू करूया. चावी दिली, किक हळूहळू दाबतोय. अ‍ॅमीटरचा, म्हणजे करंट दाखवणाऱ्या घड्याळाचा, काटा उणेकडून मध्यावर आला की थांबायचं. डिकॉम्प्रेसर, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारा लिव्हर, ओढून किक थोडी पुढे न्यायची, सोडायचा, किक वर येऊ द्यायची, आणि मग पूर्ण मारायची.

(इंजिन सुरू)

अर्धा तास चालवा, गार होऊ द्या, आणि मग प्रत्येक नटाला पुन्हा पाना लावा. माझे दोन ढिले निघाले होते, दोन्ही नट इंजिनाचं हेड फ्रेमला धरून ठेवणाऱ्या पट्टीचे.