कठडा

(दृश्य: संध्याकाळ. पंचगंगा घाट, मागे शिवाजी पूल.)

कोल्हापुरातला, पंचगंगेवरचा हा शिवाजी पूल. दगडी कमानींचा, ब्रिटिश अमदानीतला. बैलगाडीच्या काळात बांधलेल्या या पुलावरून पुढे एसटी गेली, उसाचे ट्रॅक्टर गेले, कोकणात उतरणारे ट्रक गेले. पूल थकलाय, अरुंद आहे, शेजारी दुसरा हवा, हे कुणाला पटवावं लागलं नाही. सरकारलाही ते पटलं होतं. पर्यायी पुलाचं काम सुरू झालं, बरंचसं उरकलंही. आणि थांबलं.

शहराच्या बाजूला ब्रह्मपुरीची टेकडी आहे. 1940 च्या दशकात तिथल्या उत्खननात समुद्रदेवाची रोमन कांस्यमूर्ती सापडली. आपल्या टाउन हॉल म्युझियममध्ये ती बघायला मिळते. अशी जागा जपलीच पाहिजे, त्याबद्दल माझं दुमत नाही. ही टेकडी संरक्षित स्मारक आहे. पण 2010 च्या दुरुस्तीनंतर प्राचीन स्मारकांचा कायदा सांगतो, संरक्षित स्मारकापासून 100 मीटरच्या आत नवं बांधकाम करायचं नाही. सरकारनंसुद्धा नाही. पर्यायी पुलाचं काम या नियमात अडकलं.

मोर्चे निघाले, निवेदनं गेली. कोल्हापुरातून मुंबईला, मुंबईतून दिल्लीला. कायद्यात बदल करणारं विधेयक 2 जानेवारी 2018 रोजी लोकसभेत मंजूर झालं. राज्यसभा बाकी होती.

(दृश्य: पुलाचा कठडा, जवळून. नदीचा आवाज.)

त्यानंतर 24 दिवसांनी, 26 जानेवारीच्या रात्री, गणपतीपुळ्याहून येणारी मिनीबस हा कठडा फोडून खाली नदीत कोसळली. पुण्याहून देवदर्शनाला निघालेली माणसं होती. 13 जण गेले. त्यांत लहान मुलंही होती.

गाडीवरचा ताबा सुटला, असं कारण सांगितलं गेलं. असेलही. पण ताबा सुटलेल्या गाडीला अडवण्यासाठीच तर कठडा बांधतात.

विधेयक राज्यसभेत अडकलं ते अडकलंच. तरी परवानगी मिळाली आणि 2019 मध्ये शेजारचा पूल वाहतुकीला खुला झाला. म्हणजे वाट होती. ती आधी कुणी का शोधली नाही, हा प्रश्न या घाटावर आलं की दर वेळी मला छळतो.

(दृश्य: गावाकडचा बंधारा. दुधाच्या किटल्या लावलेल्या मोटरसायकली.)

आता शहराबाहेर येऊ. हा कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. पावसाळा सरला की बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून पाणी अडवायचं, पावसाळ्याच्या तोंडावर ते काढायचे. बांधला शेतीसाठी, पण पलीकडच्या तीरावर शाळा आहे, डेअरी आहे, दवाखाना आहे. लांबच्या पुलाला वळसा कोण घालणार? त्यामुळे अख्खं गाव यावरूनच जातं.

मागच्या एका पुरात इथलं लोखंडी रेलिंग मधोमध वाहून गेलं. दोन माणसं आडवी झोपतील एवढी फट पडली. माझे चुलते त्या फटीसाठी अर्ज करत आलेत. त्यांची फाईल मी हातात घेतली तेव्हा तिच्या जाडीनंच माझा घसा दाटला. प्रत्येक अर्जाच्या कोपऱ्यात आवक विभागाचा निळा शिक्का. उत्तरं मात्र दोनच. पहिलं : बंधारा पाणी साठवण्यासाठी आहे, वाहतुकीसाठी नाही, सबब मागणीचा विचार करता येत नाही. दुसरं : आपला अर्ज उचित कार्यवाहीसाठी पुढे पाठवण्यात आला आहे.

"पुढं म्हंजे कुठं?" काकांनी टेबलावर विचारलं होतं.

"साहेब फिरतीवर हाईत. सोमवारी या."

2005 च्या राज्याच्या कायद्यानुसार कुठल्याही कर्मचाऱ्याकडे फाईल साधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. सातवी शिकलेल्या काकांना हे कलम तोंडपाठ आहे. महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, तिथेही ते जाऊन आले. सकाळच्या एसटीनं, भाकरी बांधून. तिथं त्यांचं नीट ऐकून घेतलं गेलं, टोकन मिळालं, आणि अर्ज परत त्याच कार्यालयाकडे गेला.

मी त्यांना विचारलं, राग येत नाही का? ते म्हणाले, "राग येतोय की. पर आवाज चढवला तर अर्ज तळाला जातोय. म्हणून हात जोडून हुबा ऱ्हातोय."

हे बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. शाळा सुटायची वेळ झाली होती.

(दृश्य: फटीला आडवा बांधलेला बांबू, त्यावर लाल साडीच्या चिंध्या.)

हा बांबू गावातल्या पोरांनी बांधलाय. चिंध्या माझ्या काकूच्या साडीच्या. अंधार पडला की बांबू दिसत नाही, म्हणून संध्याकाळी दूध घालायच्या वेळेला कुणीतरी एक जण इथे बॅटरी घेऊन उभा राहतो. आज काकांची पाळी आहे.

(दृश्य: अंधार. बॅटरीचा उजेड, एकेक मोटरसायकल हळू पुढे जाते.)