पत्री, खूर आणि जॉनी ग्रँटचा गोठा

मंडळी, लेकीकडे अमेरिकेला जाऊन आलो, तर जो तो विचारतो, नायगारा पाहिला का? मी पाहिला गोठा. मोंटाना राज्यातल्या डिअर लॉज नावाच्या लहानशा गावातली ग्रँट-कोर्स रँच, म्हणजे गुरं पाळायचं मोठं रान. हसा, हसा! पण गुरांच्या डॉक्टरला तुम्हीच बोलावलंय, आणि इथल्या निम्म्या जणांच्या गोठ्यात मी मध्यरात्री बॅटरी घेऊन आलोय.

मला सांगायचंय ते एवढंच, की गुरांशिवाय गुरांचं संग्रहालय होत नाही. पण आधी ही रँच सुरू करणाऱ्या जॉनी ग्रँटची गोष्ट, ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

हा कॅनडातल्या फरच्या व्यापाऱ्याचा मुलगा. १८५० च्या दशकात ओरेगन आणि कॅलिफोर्नियाकडे माणसांच्या झुंडी बैलगाड्यांतून निघाल्या होत्या. हा त्यांच्या वाटेवर जाऊन थांबायचा. हजारभर मैल चालून आलेले बैल, खूर झिजून पार कोवळ्या भागापर्यंत गेलेले. पाऊल टेकवताना बैल कसा अंग चोरतो, ते तुम्हाला सांगायला नको. समोर डोंगर, मागे परतायची सोय नाही. मग जॉनी एक ताजातवाना बैल द्यायचा आणि लंगडे दोन घ्यायचा. आपल्या खरसुंडीच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदा करणाऱ्यांनीसुद्धा मान डोलवावी असा व्यवहार! ते दोन तो डिअर लॉजच्या खोऱ्यात आणून नुसते चरायला सोडायचा. पुढच्या उन्हाळ्यात तेच बैल धष्टपुष्ट होऊन पुन्हा वाटेवर, पुन्हा एकाला दोन.

लोक याला हुशारी म्हणतात. मी खूर बघतो. बैलाचा खूर महिन्याला साधारण अर्धा सेंटीमीटर वाढतो. गवत, पाणी आणि विश्रांती दिली की तो आपोआप भरून येतो. जॉनीचं सगळं भांडवल म्हणजे हा अर्धा सेंटीमीटर. आणि ज्यांना बैल थांबवायला एक हंगाम मिळाला नाही, त्यांचं ते नुकसान. माझे आजोबा बैलांना पत्री, म्हणजे खुराखालची लोखंडी नाल, मारायचे. बैल आडवा पाडून, चारी पाय बांधून, खुराला पत्री ठोकताना ते त्याच्याशी बोलत असायचे. मोंटानात उभा असताना मला त्या हातोडीचा आवाज येत होता.

जॉनीची बायको क्वारा तिथल्या मूळ रहिवाशांपैकी. जमीन त्या लोकांची होती, हे तिथे गेल्यावर विसरता कामा नये. १८६२ मध्ये जॉनीने घर बांधलं आणि १८६६ मध्ये सगळं १९,२०० डॉलरला कॉनराड कोर्सला विकलं. कोर्स मूळचा आजच्या जर्मनीतल्या होल्स्टाइन भागातला, सोन्याच्या खाणींवर खाटीककाम करून वर आलेला. पुढे त्याची गुरं चार राज्यांत आणि कॅनडात मिळून एक कोटी एकरांवर चरत होती. त्यातलं बहुतेक रान मोकळं, कुंपण नसलेलं.

मग १८८६-८७ चा हिवाळा आला. आधी कोरडा उन्हाळा, रानं चरून संपलेली. बर्फ पडलं, मधेच थोडं वितळलं आणि पुन्हा गोठून त्याची कडक पापडी झाली. घोडा टापेने बर्फ उकरून खालचं गवत खातो, गाय सहसा उकरत नाही. ती उभ्याउभ्या मरते. कोर्सलाही जबर फटका बसला. मोंटानातल्याच ब्यूट शहरातल्या एका बँकवाल्याने एक लाख डॉलर दिले म्हणून तो सावरला. मोकळं रान सरलं आणि गवत कापून, वाळवून, गंजी लावून ठेवायचे दिवस आले.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत, तेव्हा मुद्द्यावर येतो.

१९७२ मध्ये अमेरिकेच्या संसदेने ही रँच राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून राखायचं ठरवलं. आज सुमारे १,६०० एकर आणि जुन्या इमारती आहेत, आणि गुरंही आहेत, खरीखुरी. लोहाराचा भाता चालतो. मी मूठभर वाळलं गवत उचलून नाकाशी धरलं, हिरवट आणि गोड वास आला. तो वास काचेच्या कपाटात ठेवता येत नाही.

१९७२! आपल्याकडे तो दुष्काळ. कडबा संपला आणि आमची खिलार जोडी मिळेल त्या भावाला गेली. आपण काय राखलं? आपल्या भागातल्या एका संग्रहालयात खिलाराचा पुतळा आहे, त्याची शिंगं गीरची. मी लेखी कळवलं, दोनदा. शिंगं तशीच आहेत.

आपल्या गुरांच्या संग्रहालयाला मोठी इमारत नको. पाच-सहा एकर माळ, दोन जोड्या, एक मोट, कडब्याची गंजी आणि ती रचता येणारा एक म्हातारा माणूस, तो हयात आहे तोवर. शाळेच्या पोरांनी शेण उचलावं, वैरण टाकावी.

आजोबांची पत्री मारायची हातोडी माझ्याकडे आहे. मागाल त्या दिवशी आणून देतो. फक्त ती ठेवाल तिथे पत्री मारायला जिवंत बैल हवा.