दोन संसदा, दोन लढे: कुर्द आणि माया

नोव्हेंबर १९९१. तुर्कस्तानची राजधानी अंकारा येथील संसदेत केसांना कुर्दांच्या रंगांची, म्हणजे लाल, पिवळी, हिरवी पट्टी बांधलेल्या कुर्द खासदार लेला झाना शपथ घेण्यास उभ्या राहतात. तुर्की भाषेतील शपथ संपताच तुर्की आणि कुर्द जनतेच्या बंधुभावासाठी त्या एकच वाक्य कुर्द भाषेत उच्चारतात आणि सभागृहात गदारोळ उसळतो. कुर्द बोलण्यावरील कायदेशीर बंदी त्याच वर्षी उठली होती. तरीही १९९४ मध्ये, बंदी असलेल्या संघटनेच्या सदस्य ठरवून, त्यांना पंधरा वर्षांची शिक्षा झाली.

मार्च २००१. मेक्सिकोच्या संसदेत झापातिस्ता या माया आदिवासींच्या बंडखोर संघटनेच्या, चेहरा झाकलेल्या कमांडर एस्तेर भाषणास उभ्या राहतात, तेव्हा सत्ताधारी पक्षाचे बहुतेक सदस्य गैरहजर असतात. या क्षणी आपण आदिवासी आहोत आणि स्त्री आहोत, एवढेच महत्त्वाचे, असे त्या सांगतात.

दक्षिण मेक्सिकोतील चियापास राज्याच्या माया समाजांची जमीन सोळाव्या शतकात स्पॅनिश सत्तेने बळकावली. स्पेन गेला, पण मळ्यांवरची कर्जाची वेठबिगारी गेली नाही; सान क्रिस्तोबाल शहरात तर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आदिवासींना पदपथावरून चालण्याचीही मुभा नव्हती. १९९२ मध्ये राज्यघटना बदलून सरकारने जमीनवाटपाचा मार्ग बंद केला, आणि अमेरिका व कॅनडाशी मुक्त व्यापार करार लागू झाला त्याच दिवशी, १ जानेवारी १९९४ रोजी, झापातिस्तांचा उठाव झाला.

कुर्दांची कहाणी वेगळी आहे. १९२० च्या सेव्हर तहात स्वतंत्र कुर्दिस्तानची शक्यता दाखवली गेली, १९२३ च्या लोझान तहात ती नाहीशी झाली आणि एक समाज तुर्कस्तान, इराण, इराक आणि सीरिया या चार देशांत विभागलेला राहिला. सीमा आखण्यात ब्रिटन आणि फ्रान्सचा मोठा हात होता, पण भाषा आणि ओळख पुसण्याचे काम नव्या राष्ट्रांनीच केले. सीरियाने १९६२ च्या जनगणनेत सुमारे १,२०,००० कुर्दांचे नागरिकत्व काढून घेतले. म्हणूनच, वसाहतवाद म्हणजे केवळ युरोपची सत्ता, ही समजूत येथे अपुरी पडते.

झापातिस्ता राजधानीवर चाल करण्याची घोषणा देत उतरले होते आणि १९७८ मध्ये स्थापन झालेल्या कुर्दिस्तान कामगार पक्षाला स्वतंत्र राज्य हवे होते. पुढे दोघांनीही ही ध्येये सोडून गावसभांचे स्वशासन निवडले. या साम्यावर भाळून जाणे मात्र योग्य नाही. चियापासमध्ये बारा दिवसांत युद्धविराम झाला. कुर्दिस्तान कामगार पक्षाच्याच विचारावर उभ्या राहिलेल्या, उत्तर सीरियातील रोजावा या कुर्द स्वशासित प्रदेशाला मात्र २०१२ पासून, आधी इस्लामिक स्टेटशी आणि मग तुर्कस्तानशी लढता लढताच, कुर्द भाषेच्या शाळा आणि स्त्री-पुरुष सहअध्यक्षांच्या समित्या चालवाव्या लागल्या.