‘गेला’ म्हणजे नेमकं काय? मानवी हक्कांच्या विद्यापीठीय शिक्षणाविषयी

मित्रहो,

आजचा विषय आंतरराष्ट्रीय मानवी हक्कांचं विद्यापीठीय शिक्षण असा जाहीर झाला आहे. मी सुरुवात एका क्रियापदापासून करणार आहे.

पदव्युत्तर वर्गाच्या पहिल्याच महिन्यात आम्ही साक्ष नोंदवण्याचा सराव घेतो. एक विद्यार्थिनी आई होते, समोरचा तिचा जबाब लिहून घेतो. आईच्या तोंडी वाक्य असतं, “रात्री गाडी आली, चार-पाच जण होते, आणि माझा मुलगा गेला.” नंतर वह्या तपासायला घेतल्या की बहुतेक वह्यांत एकच नोंद सापडते: ‘मुलाचा मृत्यू’. काही उत्साही मंडळी ‘हत्या’ असंही लिहून मोकळी होतात. आता आपल्या भाषेत ‘गेला’ म्हणजे वारला, आणि ‘गेला’ म्हणजे घराबाहेर पडला, त्या माणसांबरोबर गेला. आईला यातलं काय सांगायचं होतं? ते कोणी विचारलेलंच नसतं. तिचा आवाज भरून आला आणि लिहिणाऱ्यानं अर्थ ठरवून टाकला.

एका शब्दानं एवढं काय बिघडतं, असं मुलं विचारतात. फार बिघडतं. माणसाला सरकारी यंत्रणेनं, किंवा तिच्या पाठिंब्यानं दुसऱ्या कोणी उचलून नेलं आणि नंतर ‘आमच्याकडे नाही’ असं सांगितलं किंवा त्याचा ठावठिकाणा लपवला, तर आंतरराष्ट्रीय कायद्यात त्याला सक्तीनं बेपत्ता करणं म्हणतात. त्यासाठी स्वतंत्र करार आहे. संयुक्त राष्ट्रांनी तो 2006 मध्ये मंजूर केला आणि 2010 मध्ये तो अमलात आला. या गुन्ह्याचं वैशिष्ट्य असं, की तो चालू राहतो. नेलेल्या माणसाचं काय झालं हे उघड होईपर्यंत गुन्हा संपत नाही, म्हणून खटल्याची मुदतही त्याआधी मोजायला लागायची नाही. वाट पाहणारी आईसुद्धा या करारात पीडित ठरते. आणि आमच्या विद्यार्थ्यानं वहीत ‘मृत्यू’ लिहिला! ज्या यंत्रणेला ते प्रकरण मिटवायचं होतं, तिचं काम त्यानं नकळत सोपं करून ठेवलं.

म्हणून मला आज आग्रहानं एकच गोष्ट सांगायची आहे. या शिक्षणाचा पाया घटना नीट टिपण्यात आहे. कायदा त्यानंतर येतो.

आपल्याकडे या विषयाचा अभ्यासक्रम म्हटला की 1948 चा मानवी हक्कांचा जाहीरनामा, 1966 चे दोन करार, मग एकेक करून नऊही मुख्य करार, त्यांच्या समित्या आणि शेवटी परीक्षा, असा क्रम ठरलेला असतो. हे सगळं यायलाच हवं, मी स्वतः शिकवते. पण ते शिकलेला माणूस बेपत्ता मुलाच्या आईसमोर बसला की त्याला काय विचारावं हे कळत नाही, हे मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे.

अर्जेंटिनात काय घडलं ते सांगते. तिथं 1976 ते 1983 लष्करी राजवट होती. ती गेल्यावर नेमलेल्या राष्ट्रीय आयोगानं सुमारे 9,000 बेपत्ता लोकांची नोंद केली. मानवी हक्क संघटना हा आकडा 30,000 असल्याचं सांगत आल्या आहेत. दफनभूमींत बेनाम कबरी होत्या. त्या उकरण्याचे हुकूम निघाले, पण काम पडलं ज्यांना हाडं उकरून माणूस ओळखण्याच्या शास्त्राची माहितीच नव्हती अशांच्या हाती. काही ठिकाणी बुलडोझर चालवले गेले. हाडं तुटली, एकमेकांत मिसळली, काही जमिनीतच राहिली. हेतूबद्दल शंका नको, पण पुरावा कायमचा गेला. 1984 मध्ये क्लाइड स्नो हे अमेरिकी न्यायवैद्यक मानववंशशास्त्रज्ञ तिथं पोचले. अनुभवी तज्ज्ञ पुढे यायला कचरत होते, कारण लष्कराची भीती अजून ओसरली नव्हती. आले ते विद्यार्थी, मानववंशशास्त्राचे आणि वैद्यकीचे. मातीचा थर कसा उतरवायचा, हाड हलवण्याआधी त्याची जागा कागदावर कशी उतरवायची, फोटो काढताना शेजारी मोजपट्टी का ठेवायची, हे ते विद्यार्थी थेट कबरीच्या काठावर शिकले. पुढच्याच वर्षी लष्करी सत्ताधीशांवर खटला चालला, तेव्हा स्नो यांनी या कामाच्या आधारावर साक्ष दिली. त्या मुलांचं पथक पुढे जगभर गेलं आणि आजही काम करतं आहे. विद्यापीठीय प्रशिक्षण कसं असावं याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही, आणि त्याला विद्यापीठानं अभ्यासक्रम म्हणून कधी मान्यता दिली नव्हती.

टिपण्याइतकंच महत्त्व तोलून लिहिण्याला आहे. छळाच्या तपासासाठी संयुक्त राष्ट्रांची एक मार्गदर्शिका आहे, तिला इस्तंबूल प्रोटोकॉल म्हणतात. ती 1999 ची, 2022 मध्ये सुधारलेली. अंगावरच्या खुणेबद्दल डॉक्टरनं मत कोणत्या शब्दांत द्यावं, याच्या पाच पायऱ्या तिच्यात आहेत. सांगितलेल्या मारहाणीशी खूण जुळतच नाही, ही पहिली. जुळते, पण तशी खूण इतर अनेक कारणांनीही उमटू शकते, ही दुसरी. चांगलीच जुळते, दुसरी कारणं मोजकीच आहेत, ही तिसरी. अशा छळानंतर सहसा अशीच खूण दिसते, तरी दुसरं कारण अशक्य नाही, ही चौथी. आणि दुसऱ्या कशानंही अशी खूण होऊच शकत नाही, ही पाचवी. मी या पाच पायऱ्यांवर पूर्ण आठवडा घालवते. विद्यार्थी तळमळीचे असतात, त्यांना प्रत्येक खुणेसाठी पाचवी पायरी हवी असते. मग त्यांना मी विचारते, तुम्ही दुसरीच्या जागी पाचवी लिहिली आणि उलटतपासणीत ते उघडं पडलं, तर उरलेल्या खऱ्या खुणांचं काय होईल? पीडिताची बाजू घ्यायची असेल तर कमी बोलायला शिकावं लागतं. मुलांना हे पचायला फार जड जातं, आणि जड जाणंच बरोबर आहे.

पुरावाच शिल्लक नसेल तर? हा प्रश्न न्यायालयासमोर आला तो होंडुरासच्या प्रकरणात. मानफ्रेदो वेलास्केस रोद्रिगेस हा विद्यापीठात शिकणारा तरुण. 12 सप्टेंबर 1981 रोजी त्याला राजधानीतून उचललं गेलं, तो पुन्हा दिसला नाही. मृतदेह नाही, कागद नाही, सरकार कानावर हात ठेवून. आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयानं 29 जुलै 1988 ला निकाल दिला. बेपत्ता करण्यामागचा उद्देशच माग पुसून टाकण्याचा असतो, म्हणून अशा वेळी परिस्थितीजन्य पुराव्याला विशेष वजन द्यावं लागेल, असं न्यायालयानं धरलं. त्या काळात तिथं माणसं एका ठरावीक पद्धतीनं उचलली जात होती हे आधी सिद्ध झालं, आणि मग या तरुणाचं प्रकरण त्या पद्धतीत बसतं हे. शिवाय तपास करणं हे राज्याचं कर्तव्य आहे, ते टाळणं हाही अमेरिका खंडांच्या मानवी हक्क कराराचा भंग, हे ठामपणे सांगितलं गेलं. पण ही ‘पद्धत’ कशी सिद्ध झाली? अनेक सुट्या हकिगती कोणीतरी तारीख, वेळ, गाडी, जागा यांसकट नोंदवून ठेवल्या होत्या म्हणून. त्या काळी त्यांतल्या एकेका नोंदीचा काही उपयोग दिसत नसणार.

अभिरूप न्यायालयाच्या, म्हणजे विद्यार्थ्यांनी काल्पनिक खटला लढवण्याच्या स्पर्धांविषयी माझं मत थोडं वेगळं आहे, तेही सांगून टाकते. दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरिया विद्यापीठाचं मानवी हक्क केंद्र 1992 पासून साऱ्या आफ्रिका खंडातल्या विद्यार्थ्यांसाठी अशी स्पर्धा भरवतं, आणि त्या केंद्राबद्दल मला मनापासून आदर आहे. युक्तिवादाची भीड तिथं मोडते. पण स्पर्धेत घटनेची हकिगत छापील मिळते, दोन्ही पक्षांना मान्य असलेली. प्रत्यक्षात खरं भांडण तिथंच असतं! म्हणून स्पर्धेला जाणाऱ्या मुलांना मी सांगते, जाऊन या, जिंकून या, आणि आल्यावर साक्षीच्या सरावाला बसा.

लिहिण्याचा दुसरा धडा संयुक्त राष्ट्रांच्या एका नियमानं दिला. 2008 पासून प्रत्येक सदस्य देशाच्या मानवी हक्कांच्या स्थितीचा ठरावीक वर्षांनी जिनिव्हात आढावा घेतला जातो. त्यासाठी संघटना आपली निवेदनं पाठवू शकतात, पण एका संघटनेच्या निवेदनाची मर्यादा आहे 2,815 शब्द. अख्खा देश, चार-पाच वर्षं, आणि एवढेच शब्द. मी वर्गाला जबाब, वैद्यकीय अहवाल आणि न्यायालयीन आदेशांचा गठ्ठा देते आणि म्हणते, करा एवढ्यात. पहिल्या मसुद्यात ‘अमानुष’, ‘निर्घृण’, ‘काळिमा’ हे शब्द हमखास येतात. ते गाळल्यावर जागा होते आणि तिथं तारीख बसते, ठाण्याचं नाव बसतं, सरकारनं याआधी कोणती शिफारस मान्य केली होती ते बसतं. एखाद्या कराराच्या समितीपुढे वैयक्तिक तक्रार करायची तर आणखी अटी असतात: देशांतर्गत उपाय संपलेले हवेत किंवा ते अवाजवी लांबलेले हवेत, तक्रार निनावी नको. कितीतरी खऱ्या तक्रारी या उंबरठ्यावरच अडतात. आत जाण्याआधीच परत पाठवलं गेल्याचं दुःख फार मोठं असतं.

शब्द बदलल्यानं काय होतं, याची साक्ष 1948 च्या जाहीरनाम्याच्या पहिल्याच कलमात आहे. मसुद्यात ‘ऑल मेन’ होतं. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी त्यावर हरकत घेतली, आणि आज तिथं ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ आहे.

अलीकडे पुराव्याचा मोठा भाग मोबाइलवरच्या चित्रफितींत असतो. 2016 पासून बर्कली, एसेक्स, प्रिटोरिया अशा विद्यापीठांतले विद्यार्थी त्या पडताळून पाहायला शिकताहेत: सावली कोणत्या बाजूला पडली, मागचा मनोरा उपग्रहचित्रात कुठं आहे, हीच चित्रफीत आधी कुठं टाकली गेली होती का. उत्तम शिक्षण आहे. मात्र तासन्‌तास अशी दृश्यं पाहणाऱ्या विशीतल्या मुलांची झोप उडते, हे मी पाहिलं आहे. आवाज बंद ठेवून पाहणं, पडद्यावर चौकट लहान करणं, रात्री न पाहणं, जोडीनं काम करणं, हे पहिल्या दिवशी शिकवायचं असतं.

आता थोडं कठोर बोलते. प्रबंधासाठी पीडितांच्या मुलाखती घेण्याची जी रीत पडली आहे, ती मला मान्य नाही. एका बाईनं तीच हकिगत पोलिसांना, डॉक्टरला, वकिलाला, पत्रकाराला सांगितलेली असते, आणि पाचवा येतो तो आमचा विद्यार्थी, गुणांसाठी. लैंगिक हिंसाचाराच्या पीडितांशी बोलण्याबाबत 2022 मध्ये एक आचारसंहिता जाहीर झाली, स्वतः अशा हिंसाचारातून वाचलेल्या इराकच्या नादिया मुराद यांच्या नावाची. ही मुलाखत घेणं खरोखर गरजेचं आहे का, हे विचारायला ती सांगते. मी हा प्रश्न विद्यार्थ्याकडून लेखी सोडवून घेते. उत्तर ‘नाही’ आलं की विषय बदलायचा. संमती घेतानाही सही पुरेशी नाही. ही माहिती कोण वाचेल, ती मागे घेता येईल का, तुम्हाला यातून काहीही मिळणार नाही, हे तिला तिच्या भाषेत सांगावं लागतं. शेवटचं वाक्य उच्चारताना विद्यार्थ्यांची जीभ अडखळते. त्यांना मदतीचं आश्वासन द्यायचं असतं, आणि ते देण्याचा अधिकार त्यांना नसतो.

संयुक्त राष्ट्रांचा 2011 चा जाहीरनामा हे शिक्षण तीन अंगांनी मांडतो: हक्कांविषयी, हक्कांच्या मार्गानं (म्हणजे शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांचे हक्क पाळून) आणि हक्कांसाठी. मधलं अंग विद्यापीठं विसरतात. ज्या वर्गात मार्गदर्शकाला ‘तुमचं चुकलं’ म्हणायची सोय नाही, तिथं सत्तेला जाब विचारायचं शिक्षण कसं होणार?

तेव्हा तुमच्या विद्यापीठात हा अभ्यासक्रम सुरू करायचा असेल, तर कायद्याच्या प्राध्यापकाबरोबर एक डॉक्टर आणि एक अनुभवी दुभाषा आधी नेमा. ग्रंथालयाच्या आधी एक खोली मागून घ्या, दार बंद होणारी, दोन सारख्या उंचीच्या खुर्च्या असलेली. विद्यार्थ्यांनी लिहिलेले जबाब ठेवायला कुलपाचं कपाट घ्या, नावं आणि जबाब वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवा. आणि त्या कपाटाची किल्ली कोणाकडे राहील, तो माणूस रजेवर गेला तर कोणाकडे जाईल, कोणी अधिकारी दारात येऊन ती मागू लागला तर त्याला काय उत्तर द्यायचं, हे पहिल्याच बैठकीच्या इतिवृत्तात लिहून ठेवा.