कोलेस्टेरॉल आपोआप उतरले तर

श्रोतेहो, नमस्कार.

काही वर्षांपूर्वी कोरेगावकडचे 78 वर्षांचे एक माळकरी आजोबा कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन माझ्या साताऱ्यातील दवाखान्यात आले. आदल्या वर्षी 228 असलेले त्यांचे कोलेस्टेरॉल एकही गोळी न घेता 141 वर आले होते. “गोळीबिगर उतरलं बघा, डॉक्टर,” असे म्हणत त्यांनी पुडा पुढे केला आणि माझे लक्ष आधी कागदाच्या आवाजाकडे गेले. हात थरथरत असल्यामुळे तो कागद सारखा सळसळत होता. मनगटावरचे घड्याळ घसरून पार कोपराजवळ गेले होते. वजनकाट्यावर उभे केले, तर वर्षभरात सात किलो कमी भरले, आणि स्वस्थ बसलेले असतानाही नाडी 110 होती. सूनबाई म्हणाल्या, “वय झालंय, म्हणून वाळलेत.” हे वाक्य मला फार खटकते; वय हा आजार नव्हे, आणि वयाच्या नावाखाली कितीतरी बरे होणारे आजार घरातच राहून जातात.

तपासणीत निघाला थायरॉईडचा विकार. ही ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करू लागली, की यकृत रक्तातले कोलेस्टेरॉल भराभर ओढून घेते आणि आकडा उतरतो. उपचारांनंतर आठ महिन्यांनी वजन भरून आले, हात स्थिरावले आणि कोलेस्टेरॉल 204 झाले. आजोबा हिरमुसले, मला मात्र तो आकडा पाहून हायसे वाटले.

श्रोतेहो, उतारवयात कोलेस्टेरॉल आपोआप उतरले, तर ते का उतरले हे विचारावे. नेदरलँड्समधील लायडन येथे 85 वर्षांवरील 724 जणांची दहा वर्षे पाहणी झाली. 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत जास्त कोलेस्टेरॉल असलेल्यांचे मृत्यूचे प्रमाण कमी आढळले, आणि तेही मुख्यतः कर्करोग व जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू कमी असल्यामुळे. याचा अर्थ चरबी वाढवावी असा नाही. आतून पोखरणारा आजार, कुपोषण किंवा यकृताचा बिघाड यांमुळेही आकडा खाली येतो. म्हणून पुन्हा सांगतो, आपोआप उतरलेल्या आकड्याचे कारण शोधावे. आणि आकडा थोडा जास्त आहे, एवढ्यासाठी आजीच्या ताटातली शेंगदाण्याची चटणी आणि वाटीभर दूध काढून घेण्याची घाई तर मुळीच करू नये. त्या वयात अंगावर मांस टिकणे मोलाचे असते.

मात्र ज्यांना हृदयविकाराचा झटका किंवा अर्धांगवायू होऊन गेला आहे, त्यांनी हे ऐकून स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी, गोळी बंद करू नये. गोळीने उतरवलेला आकडा आणि आजाराने उतरलेला आकडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 70 ते 82 वर्षांच्या 5804 जणांवर युरोपात झालेल्या आणि 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा गोळीने हृदयविकाराचे प्रसंग कमी झाले. पंचाहत्तरीनंतर, हृदयविकार नसताना, ती नव्याने सुरू करावी का, हे मात्र तुमची प्रकृती पाहून तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचे आहे. त्यांच्याकडे जाताना रिपोर्टाबरोबर मागच्या वर्षीचे वजनही लिहून न्या.