श्रीलंका: लाल बस, तिसरा वर्ग आणि तळ्यांचा देश

(कोलंबो फोर्ट स्टेशन, पहाट)

पहाटेचे साडेपाच वाजलेत आणि कोलंबो फोर्टच्या तिकीट खिडकीवर रांग लागलीये. शाळेची पोरं, पांढरी साडी नेसलेल्या मावशी, छत्री धरून उभे असलेले भिक्खू आणि मध्येच पाठीवर भलीमोठी सॅक घेतलेले आपल्यासारखे लोक. पोडी मेनिके नावाची बदुल्लाला जाणारी गाडी प्लॅटफॉर्मला लागायची आहे. रिझर्व्हेशनची तिकिटं इथे महिनाभर आधी सुटतात आणि डोंगरातल्या गाड्यांची तर बघता बघता संपतात, मग तीच तिकिटं बाहेर जास्त पैसे मागून विकली जातात. ती घेऊ नका. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गाचं बिनरिझर्व्हेशनचं तिकीट त्याच दिवशी खिडकीवर मिळतं, काही शे श्रीलंकन रुपयांत, आणि आपला एक रुपया म्हणजे सध्या तिथले साधारण साडेतीन. म्हणजे अख्खा डोंगर चढून जायचा खर्च मुंबई-पुण्याच्या शेअर टॅक्सीपेक्षा कमी.

श्रीलंका म्हटलं की आपल्याकडे एकच प्रकार चालतो. पॅकेज घ्यायचं, विमानतळावर गाडी येते, तीच गाडी सगळीकडे, हॉटेलात बुफे, खिडकीबाहेर देश. हा सगळा प्रवास आम्ही सरकारी रेल्वे, सरकारी आणि प्रायव्हेट बस, भाड्याची सायकल आणि लोकांच्या घरातल्या खोल्या यावर केलाय आणि आमचं अगदी स्पष्ट मत आहे की हा देश असाच बघायला पाहिजे.

(गाडी चढावर, चहाचे मळे)

रंबुक्कनाच्या पुढे चढ लागतो. ही लाइन बघताना एक गोष्ट लक्षात ठेवा, माथेरानची गाडी नॅरोगेज आहे, ही पूर्ण ब्रॉडगेज, आपल्या मेन लाइनएवढीच रुंद, आणि ती वळत वळत पट्टिपोलाला सुमारे १,९०० मीटर उंचीवर जाते. इंग्रजांनी ही लाइन माणसांसाठी टाकलीच नव्हती, कॉफीसाठी टाकली होती. कँडीच्या डोंगरात कॉफीचे मळे होते, बैलगाडीने माल कोलंबो बंदरात न्यायला आठवडे जायचे, म्हणून १८६७ मध्ये कँडीपर्यंत रूळ आले. आणि दोनच वर्षांनी, १८६९ मध्ये, कॉफीच्या पानांवर तांबेरा पडला आणि पुढच्या काही वर्षांत मळेच्या मळे बसले. त्याच सुमाराला जेम्स टेलर नावाचा एक स्कॉटिश माणूस लुलकंदुरा मळ्यात चहा लावून बसला होता. कॉफी गेली, चहा आला, रूळ पुढे सरकत राहिले, १८८५ ला नानूओया, १८९४ ला बंडारवेला आणि शेवटी १९२४ ला बदुल्ला.

आता हे नीट बघा. छोट्या स्टेशनात गाडी शिरतेय, वेग कमी झालाय, आणि इंजिनमधून एक हात बाहेर आलाय. प्लॅटफॉर्मवरच्या माणसाच्या हातात मोठं गोल कडं आहे, त्याला चामड्याची पिशवी अडकवलेली. आत धातूची चकती असते. लाइन एकेरी आहे, समोरून दुसरी गाडी येऊ शकते, म्हणून ज्या ड्रायव्हरकडे त्या टप्प्याची चकती आहे त्यालाच पुढे जायची परवानगी. जुन्या टप्प्याची चकती द्यायची, नव्या टप्प्याची घ्यायची, ते पण चालत्या गाडीतून. पुन्हा एकदा स्लो मोशनमध्ये दाखवतोय, कारण ही पद्धत आता जगात फार कमी ठिकाणी उरली आहे आणि फर्स्ट क्लासच्या बंद एसी डब्यातून ती दिसत नाही, तिसऱ्या वर्गाच्या उघड्या खिडकीतून दिसते.

मळ्यात पानं खुडणाऱ्या ह्या बायका. ह्यांचे पणजोबा-खापरपणजोबा तामिळनाडूतून आणलेले, मळ्यांवर राबायला. १९४८ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षीच्या कायद्याने ह्यातल्या लाखो लोकांचं नागरिकत्व गेलं, शेवटच्या लोकांना ते मिळायला २००३ उजाडलं. त्या लांबलचक बैठ्या खोल्या दिसतायत ना, त्यांना लाइन म्हणतात, बरीच कुटुंबं अजून तिथेच राहतात.

(डब्याचं दार, वारा, मग पूल)

कँडी ते एल्ला हा टप्पा सगळ्या जगाला माहितीये, त्यामुळे तिथे तोबा गर्दी असते. आमचं सांगणं असं की एल्लाला न थांबता किंवा थांबून दुसऱ्या दिवशी एल्ला ते बदुल्ला हा शेवटचा छोटा टप्पा जरूर करा. डबे रिकामे असतात, बसायला जागा मिळते, आणि नऊ कमानींचा तो प्रसिद्ध पूल ह्याच टप्प्यात येतो. १९२१ मध्ये पूर्ण झालेला, ९१ मीटर लांब, २४ मीटर उंच, दगड-विटा-सिमेंटचा. त्याच्या पुढे देमोदरा स्टेशन. इथे डोंगराचा उतार इतका आहे की रूळ सरळ खाली नेता येईनात, म्हणून इंजिनिअरांनी काय केलं तर लाइन डोंगराभोवती गोल फिरवली आणि ती बोगद्यातून त्याच स्टेशनच्या खालून बाहेर काढली. आत्ता आपण ज्या प्लॅटफॉर्मवर उभे होतो, थोड्या वेळाने त्याच्याच पोटाखालून जातोय.

दारात लटकून रील बनवणारे खूप दिसतील. बोगदे अरुंद आहेत, झाडं रुळाला चिकटून आहेत, लोक जखमी झालेत, जीवही गेलेत. खिडकी पुरेशी आहे.

(बसस्टँड, हॉर्न, गाणी)

डोंगरातून खाली उतरलो की रेल्वे सगळीकडे जात नाही, मग बस. लाल रंगाची सरकारी बस ही आपल्या एसटीची सख्खी बहीण, बऱ्याच गाड्या अशोक लेलँडच्याच, तोच गिअरचा आवाज, तसाच खांद्याला पिशवी लावलेला कंडक्टर. पाटीवर गावाचं नाव सिंहला, तामिळ आणि इंग्रजी तिन्हीत असतं आणि वर रूट नंबर असतो, तो नंबर पाठ केला की काम झालं. कुठलाही बसस्टँड घ्या, मोठ्याने गावाचं नाव घ्यायचं, चार जण हात धरून बसपर्यंत नेतात, हे अगदी दर वेळी झालंय.

पुढच्या एक-दोन सीटवर बसू नका, त्या भिक्खूंसाठी राखीव असतात, रिकाम्या असल्या तरी भिक्खू चढले की उठावं लागतं. आणि ड्रायव्हरच्या समोर काचेवर बघा, बुद्धाची छोटी मूर्ती, बाजूला गणपती, बाजूला येशू, तिघांभोवती मिळून एकच लुकलुकणाऱ्या दिव्यांची माळ. प्रायव्हेट बसमध्ये गाणी फुल आवाजात असतात आणि ड्रायव्हर घाईत असतो, तिकीट थोडं जास्त, पण तेही आपल्या हिशोबाने किरकोळच. मोठी बॅग मात्र नेऊ नका, ठेवायला जागाच नसते, सॅक मांडीवर घेता आली पाहिजे.

(जेवण, घरातलं स्वयंपाकघर)

राहायला हॉटेल नको, गेस्टहाउस बघा, म्हणजे खरं तर लोकांचं घरच, वरच्या मजल्यावर दोन खोल्या काढलेल्या. ह्या घरातल्या काकूंनी आम्हाला स्वयंपाकघरात येऊन शूट करायला दिलं. पाट्यावर सुक्या लाल मिरच्या, छोटे कांदे आणि मीठ रगडतायत. नारळ आधीच खोवून ठेवलाय. आता तो पाट्यावर घेऊन मसाल्यात नुसता हाताने कालवायचा, वाटायचा नाही, आणि वरून लिंबू. हा पोल संबोल. नेहमी ह्यात उंबलकड म्हणजे मालदीवची सुकवलेली मासळी कुटून घालतात, शाकाहारी असाल तर बसायच्या आधीच सांगा, लगेच वेगळा करून देतात. बरोबर इंदिआप्पा, कोकणातल्या लोकांना लगेच ओळखू येतील, आपले शिरवाळेच, फक्त गोड रसाऐवजी नारळाच्या दुधातली पातळ डाळ. दुपारी कुठल्याही कोपऱ्यावर कागदात बांधलेला भात आणि तीन-चार भाज्या मिळतात, एका पाकिटात दोघांचं होतं. कवठाचं सरबत मिळतं, नारिंगी रंगाचं शहाळं मिळतं.

आणि रात्री कोत्तू, म्हणजे तव्यावर दोन पात्यांनी बारीक तुकडे करून परतलेली रोटी. इथे आम्ही बोलणं थांबवतो, फक्त तव्यावरच्या त्या दोन पात्यांचा आवाज ऐका.

(तळ्याचा बांध, सायकल, संध्याकाळ)

अनुराधपुरा. इथे पहिल्यांदा सायकल भाड्याने घ्या, अवशेष कित्येक किलोमीटर पसरलेत आणि सायकलवर ते सावकाश होतं. सगळे आधी स्तूपांकडे जातात, आम्ही तुम्हाला आधी ह्या बांधावर आणलंय. हे तिस्स वेव, वेव म्हणजे तळं, आणि हे निसर्गाने केलेलं नाही, दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी माणसांनी बांधलंय. देशाचा हा भाग कोरडा, पाऊस मुख्यतः ईशान्य मान्सूनचा, तो येतो आणि जातो, बाकीचे महिने काय करायचं हा प्रश्न, जो आपल्या मराठवाड्याला विचारा. ह्यांनी एकेका ओढ्यावर तळ्यांची साखळी लावली. वरच्या तळ्याचं पाणी शेतात जातं, शेतातून निथळलेलं पाणी खालच्या तळ्यात जमतं, तिथून परत शेत, परत तळं. तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरायचं. तळ्याच्या वरच्या अंगाला झाडांचा पट्टा ठेवायचा म्हणजे वारा अडतो आणि बाष्पीभवन कमी होतं, बांधाच्या खाली झुडपांचा पट्टा ठेवायचा म्हणजे झिरपणाऱ्या पाण्यातला क्षार शेतात जायच्या आधी तिथेच अडतो.

ही दगडी चौकोनी विहीर बघा, बांधाच्या पोटातली. हिला बिसोकोटुव म्हणतात. मोठ्या तळ्यातलं पाणी थेट मोरीतून सोडलं तर दाबाने बांधच फुटेल, म्हणून पाणी आधी ह्या विहिरीत घ्यायचं, तिथे त्याचा जोर मोडायचा आणि मग कालव्यात सोडायचं.

आणि तिस्स वेवला पाणी कुठून येतं, तर कला वेव नावाच्या भल्यामोठ्या तलावातून, ८७ किलोमीटर लांबीच्या कालव्याने. पाचव्या शतकातल्या धातुसेन राजाचं काम. कालव्याच्या पहिल्या २७ किलोमीटरमध्ये उतार आहे किलोमीटरला जेमतेम १० सेंटीमीटर. ना दुर्बीण ना लेव्हल मशीन, आणि त्या कालव्याचं पाणी आजही येतंय, आज संध्याकाळी त्यात पोरं उड्या मारतायत.

धातुसेनाच्या मुलाचं नाव कश्यप. चूलवंस नावाच्या इथल्या जुन्या पाली बखरीत अशी गोष्ट आहे की कश्यपाने बापाला कैद करून खजिना कुठे लपवलायस म्हणून विचारलं, तर धातुसेन त्याला कला वेववर घेऊन गेला, ओंजळीत पाणी घेतलं आणि म्हणाला हीच माझी सगळी संपत्ती. कश्यपाने त्याला भिंतीत चिणून मारलं. आणि मग राजधानी हलवली ती इथे.

(ड्रोन नाही, पिदुरंगला खडकावरून सिगिरिया, सूर्योदय)

सिगिरिया. जंगलातून सुमारे २०० मीटर वर आलेला हा एकच खडक, वर राजवाडा, खाली कारंजी आणि बागा. कश्यपाने इथे राज्य केलं ४७७ ते ४९५. तिकीट परदेशी लोकांना महाग आहे पण सार्क देशांच्या पासपोर्टला बरीच सवलत असते, त्यामुळे पासपोर्ट खोलीवर ठेवून येऊ नका. आत भित्तिचित्रं आहेत, त्यांचं शूटिंग करायला बंदी आहे. ज्यांनी अजिंठा बघितलाय त्यांना ती परकी वाटणार नाहीत, आणि अजिंठ्याच्या १७ नंबरच्या लेण्यात दंतकथेतल्या सिंहल राजाच्या लंकेवरच्या स्वारीचं अख्खं चित्रच आहे, म्हणजे हे येणंजाणं किती जुनं आहे बघा. आत्ता जे दिसतंय ते शेजारच्या पिदुरंगला खडकावरून, तिथलं तिकीट अगदी कमी, शेवटी थोडं खडकांवरून चढावं लागतं, आणि सिगिरिया पूर्ण दिसायचा असेल तर तो इथूनच दिसतो.

(पोया, पांढरे कपडे, बोधिवृक्ष)

पोया म्हणजे पौर्णिमा, दर महिन्याला सरकारी सुट्टी, दारू आणि मांसविक्री बंद. त्या दिवशी अनुराधपुऱ्यात असाल तर पांढरे कपडे घाला आणि चपला बाहेर ठेवा, उन्हात दगड तापतात म्हणून मोजे जवळ असू द्या. जेतवनाराम स्तूप बांधला तेव्हा १२२ मीटर उंच होता, प्राचीन जगात ह्याच्याहून उंच फक्त गिझाचे दोन पिरॅमिड, आणि हा सगळा विटांचा. पण गर्दी आहे ती ह्या झाडापाशी. अशोकाची मुलगी संघमित्ता बोधगयेहून फांदी घेऊन आली, ते हे झाड. नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष ह्याच झाडाच्या फांद्यांचा, भदंत आनंद कौसल्यायन यांनी त्या इथून नेल्या. बाबासाहेब १९५० मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी ह्या देशात आले होते. महाराष्ट्रातून इथे येणाऱ्यांसाठी हे फक्त पर्यटन नाही, आणि तरीही आपल्या बहुतेक पॅकेजमध्ये अनुराधपुरा नसतंच, त्याऐवजी अजून एक दिवस बीचवर.

(लोक, बाजार, समुद्र)

२००९ पर्यंत इथे यादवी होती. २०२२ मध्ये देशाचं कर्ज थकलं, पेट्रोलसाठी दिवसदिवस रांगा लागल्या, लोक राष्ट्राध्यक्षांच्या घरात घुसले. त्यातून सावरताना पर्यटनाचा पैसा फार मोठा आधार आहे, आणि तो पैसा शहाळंवाल्याच्या, त्या काकूंच्या, सायकलवाल्याच्या हातात थेट जातो जेव्हा तुम्ही स्वतः फिरता.

निघायच्या आधी ईटीए, म्हणजे देशात यायची ऑनलाइन परवानगी, फक्त सरकारी साइटवरून काढा, नियम बदलत असतात. विमानतळावर उतरल्यावर १८७ नंबरची बस कोलंबोला जाते, टॅक्सीवाले नाही म्हणाले तरी जाते. आणि महत्त्वाचं, डोंगरातल्या रेल्वेचं हे फुटेज नोव्हेंबर २०२५ च्या दितवा चक्रीवादळाच्या आधीचं आहे, त्यात शेकडो माणसं गेली आणि ह्या लाइनचं फार नुकसान झालं, तेव्हा कुठला टप्पा चालू आहे ते स्टेशनवर विचारूनच तिकीट काढा, आणि गाडी नसेल तिथे कार बुक करायच्या आधी बसस्टँडवर जाऊन लाल बसचा नंबर विचारा.