तिकिटावरचा माणूस

नमस्कार श्रोतेहो. आज क्लोनिंगबद्दल बोलायचंय. नाव ऐकून लगेच रेडिओ बंद करू नका. डॉली मेंढी आठवतेय ना, 1996 साली स्कॉटलंडात जन्मलेली? तिच्याबद्दल मी बोलणार नाही. मला बोलायचंय ते उपचारासाठीच्या क्लोनिंगबद्दल.

करंजी बंद करायच्या आधी सारण चुकलंय असं कळलं तर आपण ते काढून दुसरं भरतो. इथेही तसंच. स्त्रीबीज घ्यायचं, त्यातलं केंद्रक काढायचं आणि रुग्णाच्या कातडीतल्या पेशीचं केंद्रक आत घालायचं. पाच-सहा दिवस वाढू द्यायचं, मग त्यातल्या मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल, काढून घ्यायच्या. बाळ करायचं नाही. पुन्हा सांगते, बाळ करायचं नाही. त्या पेशी रुग्णाच्याच जातकुळीच्या, म्हणून शरीर त्यांना परकं मानणार नाही, ही आशा. आणि त्या काढताना तो पाच दिवसांचा गर्भ संपतो, हा आक्षेप. इतकी वर्षं देशोदेशीच्या संसदा भांडल्या त्या एवढ्यावरून.

आता माझा मामेभाऊ. आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो. 1998 च्या संक्रांतीला इथे इंदुरात, रामबागेतल्या गच्चीवर पतंग उडवताना मागे सरकत गेला आणि सरळ खाली. कमरेखालचं सगळं गेलं. तेव्हापासून व्हीलचेअर. दादाला पोस्टाच्या तिकिटांचा नाद. तीन आल्बम आहेत, आणि पाहुण्याला ते पाहिल्याशिवाय चहा मिळत नाही.

2005 चा गणेशोत्सव. आमच्या मंडळात परिसंवाद होता, ‘क्लोनिंग: शाप की वरदान’. (मराठी माणसाला विज्ञान दिलं की तो त्याचं शाप की वरदान करतो. शाळेतल्या निबंधानं लावलेलं वळण, जात नाही. मी स्वतः तीस वर्षं मुलांकडून तो निबंध लिहून घेतलाय.) त्याच वर्षी कोरियातून बातमी आली होती की ह्वांग वू-सुक नावाच्या शास्त्रज्ञानं प्रत्यक्ष रुग्णांच्या पेशींपासून अशा मूलपेशी केल्या. दादा म्हणाला, मला ऐकायचंय.

सभागृहाला नऊ पायऱ्या. चार पोरांनी खुर्ची उचलून वर नेली. आपलं इंदूर पुढे स्वच्छतेत सलग कितीतरी वर्षं पहिलं आलं, अभिमान आहेच, पण नऊ पायऱ्यांशेजारी एक उतार बांधायला कुणाला सुचत नाही. असो. आत रांगांमधून खुर्ची जाईना, म्हणून दादाला मागे, चपलांच्या ढिगापाशी बसवलं. लघवीची पिशवी खुर्चीखाली लटकलेली. तिच्यावर वहिनीनं जुन्या माहेश्वरी साडीच्या काठाचा खोळ शिवलेला, लाल-पिवळा. लोकांना वाटे, प्रसादाची पिशवी आहे.

एक डॉक्टर बाजूनं बोलले, एक निवृत्त प्राध्यापक विरोधात. डॉक्टरांनी मागे बोट दाखवलं आणि म्हणाले, ‘उद्या हे गृहस्थ चालतील, धावतील!’ टाळ्या. प्राध्यापकांनीही तिकडेच बोट दाखवलं आणि म्हणाले, ‘एकाचं दुःख दूर करायला दुसरा जीव घ्यायचा का?’ टाळ्या. दोन्ही वेळा सगळ्या माना वळल्या, दादाकडे पाहून परत गेल्या.

मग दादानं हात वर केला. माइक घेऊन एक मुलगा निघाला, पण वायर सहाव्या रांगेशीच संपली. दादा म्हणाला, ‘राहू दे भिया, माझा गळा चालतो.’ आणि मोठ्यानं म्हणाला, ‘चालण्याचं नंतर बघू. मला लघवी लागलेली कळत नाही. तेवढं कळायला लागलं ना, तर डॉक्टर, मी तुमची आरती करीन.’

सभागृह चिडीचूप. गणपतीसमोर, बायका-मुलांसमोर लघवी! अध्यक्ष पाण्याचा पेला शोधायला लागले. तेवढ्यात पहिल्या रांगेतले ऐंशीचे एक आजोबा काठीवर जोर देऊन उठले, मागे वळले आणि म्हणाले, ‘बाबा रे, मला कळतं, पण तिथवर पोचेपर्यंत थांबत नाही!’

काय हशा पिकला म्हणून सांगू! हसू ओसरल्यावर वहिनी उभी राहिली. म्हणाली, ‘ती बीजं आणणार कुठून? बाईकडूनच ना? मग तिला किती इंजेक्शनं घ्यावी लागतात, ते दोघांपैकी एकानंही का नाही सांगितलं?’ त्यावर अध्यक्षांनी पोहे तयार असल्याचं जाहीर केलं. जिरावण मसाला घातलेले पोहे समोर आले की इंदुरातली कुठलीही सभा संपते.

आता बघा. दोन्ही बाजूंनी दादाकडे बोट दाखवलं, पण दादाला काय हवंय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पाठीच्या कण्याच्या रुग्णांना विचारलंत तर चालण्याच्या आधी लघवी-संडासचा ताबा मागणारे पुष्कळ भेटतील. म्हणून रुग्णांनी स्वतः बोलायचं. स्वतः बोलायचं, दुसऱ्याच्या बोटानं नाही.

अमेरिकेत ते बोलले. तिथल्या प्रतिनिधिगृहानं 2001 साली दोन्ही प्रकारच्या क्लोनिंगवर बंदीचं विधेयक मंजूर केलं होतं, दहा वर्षांपर्यंत कैदेसकट. सिनेटमध्ये ते अडलं. 2002 मध्ये सिनेटच्या समितीपुढे या संशोधनाच्या बाजूनं साक्ष द्यायला आला सुपरमॅनचं काम केलेला क्रिस्टोफर रीव्ह. 1995 साली घोड्यावरून पडून मानेखाली लुळा झालेला. व्हीलचेअरवरचेच काहीजण विरोधातही बोलले, हेही सांगायला हवं, कारण रुग्ण म्हणजे एकगठ्ठा मत नव्हे. कॅलिफोर्नियात तर प्रश्न थेट मतदारांपुढे गेला. ज्याच्या मुलाला मधुमेह होता असा एक बाप, रॉबर्ट क्लाइन, पुढे झाला आणि नोव्हेंबर 2004 मध्ये मूलपेशी संशोधनासाठी तीन अब्ज डॉलर मतदानानं मंजूर झाले. रीव्ह त्याआधी काही आठवडेच गेला होता.

आणि आपण? 8 मार्च 2005 ला संयुक्त राष्ट्रांत सर्व प्रकारच्या मानवी क्लोनिंगविरुद्धचा जाहीरनामा 84 विरुद्ध 34 मतांनी संमत झाला. त्या चौतिसांत भारत होता. बाळ करण्याला आपला विरोध, उपचारासाठीच्या संशोधनाला नाही. गावात कुणाला पत्ताही नव्हता, कारण त्या आठवड्यात क्रिकेट चालू होतं.

वर्ष संपता संपता कोरियाचं बिंग फुटलं. ह्वांगच्या त्या मूलपेशी बनावट निघाल्या. प्रयोगशाळेतल्या कनिष्ठ मुलींची बीजंही घेतली होती. वहिनीचा प्रश्न आठवला मला. पुढे 2006 मध्ये जपानच्या यामानाकांनी उंदराच्या आणि वर्षभरात माणसाच्या कातडीतून, बीजाशिवायच तशा पेशी करून दाखवल्या. त्यांना 2012 साली नोबेल मिळालं. भांडणाचा जोर ओसरला. क्लोनिंगच्या वाटेनं खऱ्या मानवी मूलपेशी अमेरिकेत 2013 मध्ये झाल्या, तेव्हा पहिल्या पानावर फारशी जागा उरली नव्हती.

दादाकडे मात्र त्या कोरियाचं एक तिकीट आहे. फेब्रुवारी 2005 मध्ये तिथल्या पोस्टानं ह्वांगच्या गौरवार्थ काढलेलं: व्हीलचेअरवरचा माणूस उठतो, चालतो, उडी मारतो आणि कुणालातरी मिठी मारतो. दादानं ते अदलाबदलीच्या पत्रव्यवहारातून मिळवलं. बिंग फुटल्यावर तिथे विक्री थांबली. मी सांत्वनाला गेले, तर हा म्हणतो, ‘अगं, आता भाव वाढणार!’

तीन-चार वर्षांनी एका दवाखान्याचा माणूस घरी आला. परगावचा, टाय लावलेला. मूलपेशींचं इंजेक्शन, चार लाख, खात्री. दादानं विचारलं, ‘हा प्रयोग आहे की उपचार?’ श्रोतेहो, हा प्रश्न लिहून ठेवा: प्रयोग आहे की उपचार? प्रयोग असेल तर रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. आणि आपल्या वैद्यक संशोधन परिषदेच्या नियमांत, रक्ताच्या आजारांसारखी ठरावीक कारणं सोडली तर मूलपेशी हा अजून मान्य उपचार नाही.

त्या माणसानं उत्तर दिलं नाही. बॅगेतून चकचकीत पत्रक काढून पुढे धरलं. पत्रकावर व्हीलचेअरवरून उठणारा माणूस.

दादानं वहिनीला आल्बम आणायला सांगितला. पान उघडून दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवली आणि म्हणाला, ‘हे माझ्याकडे आधीच आहे, भिया. टपालखर्चासकट दीडशे रुपयांत पडलं.’